जाग येताना छातीत धडधडते तेव्हा

झोपेतून जाग येताना छातीत धडधडते, फडफडते किंवा क्षणभर काळजाचा ठोका चुकल्यासारखा वाटतो. हे घरात सांगितले की कुणी म्हणते, ‘गॅस झाला असेल’, तर कुणाला थेट हार्ट अटॅकची धास्ती वाटते. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. जाग येण्याच्या सुमारास हृदयाच्या कामात मोठे फेरबदल होत असतात, त्यामुळे ती जाणीव बहुधा खरीच असते. पण नुसत्या जाणिवेवरून तिचे कारण ओळखता येत नाही. त्यासाठी त्या वेळची हृदयाची लय नोंदलेली असावी लागते, आणि नेमके तेवढेच आपल्याकडून राहून जाते.

गाढ झोपेत हृदयावर व्हेगस मज्जातंतूचा अंमल असतो. ठोके संथ होतात, रक्तदाब उतरतो. निरोगी तरुण माणसाची नाडी तेव्हा मिनिटाला 50 च्या खाली गेली तरी त्यात वावगे काही नाही. ज्या झोपेत स्पष्ट स्वप्ने पडतात, त्या ‘रेम’ झोपेत मात्र शरीराला सावध करणारी सिंपथेटिक मज्जासंस्था मधूनमधून उसळते आणि नाडी व श्वास दोन्ही अनियमित होतात. ही झोप रात्रीच्या अखेरच्या टप्प्यात सर्वांत जास्त असते, म्हणून पहाटेची जाग अनेकदा तिच्यातूनच येते. त्यात उठून उभे राहताच अर्धा लिटरहून अधिक रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते व हृदयाला वेग वाढवावा लागतो. ‘चुकलेला’ ठोका तर बहुतेक वेळा चुकलेला नसतोच, तो वेळेआधी पडलेला असतो. त्यानंतर हृदय नेहमीपेक्षा थोडे जास्त थांबते, तेवढ्यात त्याच्या खालच्या कप्प्यांत जादा रक्त भरते आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला जाणवतो तो हा पुढचा ठोका. नॉर्मन होल्टर यांनी अंगावर बाळगता येणाऱ्या ईसीजीची पद्धत 1961 मध्ये मांडली. अशा दिवसरात्रीच्या नोंदींत निरोगी माणसांचेही अकाली ठोके सर्रास दिसतात. दिवसा कामाच्या गडबडीत त्यांच्याकडे लक्ष जात नाही. शांत खोलीत डाव्या कुशीवर असताना हृदय छातीच्या भिंतीला अधिक टेकते आणि तसाच ठोका स्पष्ट कळतो.

हे सारे नैसर्गिक असेल तर रोज का होत नाही, असा प्रश्न इथे येतो आणि तो रास्त आहे. याचा अर्थ, काही रात्री किंवा काही शरीरांत आणखी एखादे कारण भर घालत असते. रात्री घेतलेले मद्य, ताप, शरीरातले पाणी कमी होणे, दम्याचा पंप, इन्सुलिनमुळे झोपेत उतरलेली साखर, थायरॉइडचा अतिरेक ही त्यांपैकी काही. रक्तक्षयातही हृदय जोराने धावते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पण माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे झोपेत श्वास अडणे, अर्थात स्लीप ॲप्निया. घसा मिटतो, रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि त्याच क्षणी ॲड्रेनलिनची लाट हृदयावर येते. माणसाला आठवते ती फक्त धडधड. हेच रात्रीतून अनेकदा घडत राहिले तर रक्तदाब वाढतो आणि एट्रियल फिब्रिलेशन या अनियमित लयीचा धोकाही वाढतो. घोरणे म्हणजे गाढ झोप, हा समज त्यामुळेच घातक आहे.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडूनही ऐकू येतो: ही सगळी चिंता आहे. त्यात तथ्य आहे. पॅनिक अटॅक झोपेतही येतो, आणि तो बहुधा स्वप्नाविना येतो. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे धडधडीच्या 190 रुग्णांचा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 31 टक्के रुग्णांत कारण मानसिक होते, पण 43 टक्क्यांत ते हृदयातच सापडले. पुढच्याच वर्षीचा आणखी एक अभ्यास अधिक अस्वस्थ करणारा आहे. हृदयाची लय अचानक बेफाम होण्याचा विकार सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी 67 टक्के जणांची लक्षणे पॅनिक डिसऑर्डरच्या व्याख्येत चपखल बसत होती. म्हणजे लक्षणांचे वर्णन कितीही बारकाईने ऐकले तरी या दोहोंत गल्लत होऊ शकते. चिंतेचे निदान लय पाहिल्यानंतरच करावे. त्याआधी केले तर रुग्णावर, विशेषतः ‘टेन्शन घेते’ म्हणून जिची बोळवण होते त्या स्त्रीवर, अन्याय होतो.

‘ईसीजी नॉर्मल आला’ या दिलाशाचीही मर्यादा ओळखावी. नेहमीचा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो. पहाटे पाचची गडबड सकाळी अकराला दवाखान्यात सापडेलच असे नाही. त्यापेक्षा जाग येताच मनगटावर बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. ती नियमित होती की वेडीवाकडी, धडधड एकदम सुरू होऊन एकदम थांबली की हळूहळू ओसरली, आदल्या रात्री काय खाल्ले-प्यायले, कोणती औषधे घेतली, हे वहीत लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा. त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर होल्टर तपासणीबद्दल स्वतःहून विचारा, आणि घोरत असाल तर झोपेच्या तपासणीबद्दलही. घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर ते आवर्जून सांगा. मात्र धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दाब आला किंवा धाप लागली, तर वही बाजूला ठेवा आणि लगेच 108 ला फोन करा.