९९ टक्के बरोबर, तरी पावणेपाच लाख चुका

४ कोटी ७० लाख ८१ हजार ८८१. २०२२च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत ३२,५८८ ठिकाणच्या कॅमेरा ट्रॅपनी एवढे फोटो टिपले. भंडारा-गोंदियाचा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही त्या गणनेत होता. सेकंदाला एक फोटो बघत रोज आठ तास बसले, एकही सुटी घेतली नाही, तरी ते संपायला साडेचार वर्षे लागतील. त्यात वाघाचे फोटो ९७,३९९. म्हणजे सरासरी ४८३ फोटोंमागे एक! बाकी चितळ, सांबर, रानडुकरे, गुरे, माणसे आणि वाऱ्याने हललेले गवत.

एवढी निवड डोळ्यांनी होणे नाही. म्हणून गणनेत प्रजातीनुसार फोटो वेगळे करायला कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतात. मग पट्टे जुळवून एकेक वाघ ओळखतात. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे निराळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात.

प्रजाती ओळखून देणारी सोय आता क्लाउडवरही आहे. ‘वाइल्डलाइफ इनसाइट्स’ या संकेतस्थळावर फोटो चढवले की प्राण्याचे नाव सुचवले जाते, सोबत त्या नावाची खात्री किती हेही कळते. त्यामागचे ‘स्पीशीजनेट’ हे मॉडेल साडेसहा कोटींहून अधिक फोटोंवर शिकले आहे आणि २०२५मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले.

पण समजा, एखादे यंत्र १०० पैकी ९९ फोटो अचूक ओळखते. तरी गणनेच्या ढिगाऱ्यात ४,७०,८१९ चुका राहतील. वाघाच्या एकूण फोटोंच्या जवळजवळ पाचपट! दुर्मीळ जिवाच्या बाबतीत ‘९९ टक्के’ या आकड्यावर विसंबता येत नाही.

म्हणून भंडाऱ्याच्या कोका अभयारण्यासारख्या ठिकाणी यंत्राची मदत घ्यायला सुरुवात करायची, तर आधी हजार फोटो वनरक्षकांनी स्वतः ओळखावेत, मग तेच यंत्राला द्यावेत आणि प्रत्येक प्राण्याचा हिशेब वेगळा मांडावा. मात्र देशाच्या सरासरीने त्या हजारात वाघ येणार जेमतेम दोनदा, आणि दोन फोटोंवरून यंत्राची परीक्षा होत नाही. तेव्हा वाघाचे खात्रीचे जुने शंभर-दोनशे फोटो मुद्दाम मिसळावेत. वाघ निसटला किती वेळा आणि नसताना दाखवला किती वेळा, हे दोन आकडे हाती आले की मगच पुढचे लाखभर फोटो यंत्राकडे सोपवावेत. जिथे यंत्राची खात्री कमी, तिथे शेवटचा शब्द जंगल ओळखणाऱ्या माणसाचाच असावा.