गिनीपिगसाठी कापडी फर्निचर : कार्यानुभवाच्या तासाला करता येईल असं काही



शहरातल्या काही घरांत आता गिनीपिग पाळलेले दिसतात. मुलांना त्यांच्या पिंजऱ्यासाठी काहीतरी शिवायचं असतं आणि इंटरनेटवर छोटे-छोटे सोफे, उशा लावलेले पलंग भरपूर सापडतात. फोटोत गोड दिसतात, पण खरं सांगायचं तर ते बाहुलीचं फर्निचर आहे. गिनीपिगला सोफा नको असतो, लपायला जागा हवी असते. म्हणून सुई-दोरा हातात घ्यायच्या आधी प्राण्याची ओळख करून घेऊ.

हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. नावात ‘पिग’ असलं तरी डुकराशी काही नातं नाही; उंदीर-खारीसारखा कुरतडणारा प्राणी. पूर्ण वाढ झाल्यावर साधारण 20 ते 25 सेंमी लांब. याची शिकार होते, त्यामुळे डोक्यावरून नुसता हात गेला तरी आडोसा शोधत पळतो. चढणं, उड्या मारणं त्याला फारसं जमत नाही. दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून समोर येईल ते कुरतडतो. यातली एकेक गोष्ट म्हणजे आपल्या फर्निचरसाठी एकेक अट आहे, हे मुलांकडूनच काढून घ्यावं.

सगळ्यात सोपं आणि उपयोगी म्हणजे झालरीचा चौरंग. पॉलिश किंवा रंग न लावलेली 40 सेंमी लांब, 30 सेंमी रुंद लाकडी फळी घ्या आणि तिला चार कोपऱ्यांना 15 सेंमी उंचीचे पाय सुताराकडून बसवून घ्या. (खिळ्यांची टोकं वर आलेली नाहीत ना, हे मोठ्यांनी बघायचं.) पातळ ब्लँकेटं ज्या फ्लीसची असतात, ते कापड वर टाकायचं. कडा कापल्या तरी त्याचे धागे सुटत नाहीत, म्हणून शिवणही लागत नाही. चारी बाजूंना 15 सेंमी कापड खाली सोडायचं असेल तर एकूण किती लागेल? लांबी 40 + 15 + 15 = 70 सेंमी, रुंदी 30 + 15 + 15 = 60 सेंमी. चार कोपऱ्यांचे 15 × 15 चे चौकोन कापून टाकायचे. मग लोंबणाऱ्या भागाला 5 सेंमी अंतरावर फळीच्या कडेपर्यंत उभ्या चिरा द्यायच्या. लांब बाजूला 8 पट्ट्या, आखूड बाजूला 6, म्हणजे एकूण 28. प्रत्येक पायाजवळच्या दोन पट्ट्या त्या पायाभोवती घट्ट बांधल्या की कापड सरकत नाही. डिंक, टाचणी, स्टेपलरची पिन, बटण, मणी काहीही नको. ते पोटात जाऊ शकतं. चारी बाजू मोकळ्या असल्यामुळे दोन गिनीपिगांपैकी एक दांडगाई करत असेल तर दुसरा कोंडला जात नाही.

आत टाकायला गादी हवी. गोधडीची कल्पना इथे बरोबर बसते, फक्त वर लांब धावदोरा घालू नका. सैल टाक्यात बोट अडकतं. (मागच्या पायाला तीनच बोटं असतात, पुढच्याला चार. मुलांना हे मोजायला फार आवडतं.) जुना टॉवेल घडी करून आत, बाहेरून फ्लीसचा अभ्रा. टॉवेल वरच्या बाजूला नको, त्याच्या फासात नखं गुंततात. कापूस किंवा स्पंजही भरू नका, कुरतडून गिळला तर आतडं अडू शकतं.

इथे एक छान प्रयोग होतो. नव्या फ्लीसवर चमचाभर पाणी टाका, ते वरच थांबतं. तेच कापड गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन पुन्हा पाणी टाका, आता ते खालच्या टॉवेलमध्ये उतरतं आणि वरचा थर बराचसा कोरडा राहतो. लघवीचंही असंच होतं. सतत ओल्या जागेवर बसून गिनीपिगच्या तळपायांना जखमा होतात, म्हणून ही पायरी टाळू नका. कपडे मऊ करणारं द्रव्य मात्र धुताना वापरायचं नाही, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. दोन संच करा आणि दर दोन-तीन दिवसांनी बदला.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात फ्लीस गरम पडतं. तापमान 26-27 अंशांच्या वर गेलं की गिनीपिगला त्रास व्हायला लागतो, तेव्हा मार्च ते मे जुन्या सुती चादरीचं कापड वापरा. सुती कापडाचे धागे सुटतात, त्यामुळे पट्ट्यांच्या कडा दुमडून बारीक हेम घालावी लागते. हे काम चौथी-पाचवीच्या मुलांना जमतं.

पालकांना एक विनंती: केवळ या उपक्रमासाठी गिनीपिग विकत आणू नका. तो पाच ते आठ वर्षं जगतो आणि एकटा ठेवला तर खुश राहत नाही. वर्गात कुणाकडेच नसेल तर पुठ्ठ्याचा नमुना करूनही मापं शिकवता येतात.

ज्यांच्या घरी आहे, त्या मुलांनी चौरंग ठेवल्यावर पहिले दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, फक्त वहीत लिहायचं: तो कोणत्या बाजूने आत गेला, किती वेळ बसला, कोणती पट्टी कुरतडली. जी पट्टी कुरतडलेली दिसेल ती लगेच कापून टाकायची आणि गवताची मूठ वाढवायची.