जुनं तांबं-पितळ सापडलं? चिंच ठेवा बाजूला, आधी फोन काढा

हुपरी म्हटलं की चांदी. पैंजण हातात घेऊन वजनाचा अंदाज सांगणारी माणसं इथं गल्लोगल्ली भेटतात. पण ही सगळी पारख चांदीची. घराचा पाया खणताना हिरवं पडलेलं भांडं निघालं, नांगराच्या फाळाला नाणं लागलं किंवा जुना वाडा पाडताना भिंतीतून घंटा आली, की तिचे रस्ते ठरलेले असतात. चिंच लावून लख्ख करायची आणि देव्हाऱ्यात ठेवायची, किलोच्या भावानं मोडीत घालायची, नाहीतर '५०० वर्षं जुनी!!' असं लिहून रील टाकायची. तिन्ही रस्त्यांनी वस्तूबद्दलची माहिती संपते. मोडीत गेलेली तर आटून थेट नवीन नळाची तोटी होते.

आज बोलायचंय ते चौथ्या रस्त्याबद्दल: नोंद करणं. त्यासाठी तुमचा फोन, एक मोजपट्टी, एक वजनकाटा आणि अर्धा तास पुरतो. पण आधी एवढा खटाटोप कशासाठी, ते बघू.

एक मूर्ती कोल्हापूरची, चार दायमाबादची

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४४ साली तिथं प्रा. कुंदनगार यांना काशाच्या वस्तूंचा एक साठा मिळाला. त्यात भांडी होती, आरसे होते, हत्तीवर बसलेल्या माणसांची छोटी मूर्ती होती आणि एक पुतळी होती, वीतभरही उंच नसलेली. ही पुतळी पोसायडनची, म्हणजे ग्रीक-रोमन समुद्रदेवाची. पुढच्याच वर्षी, १९४५-४६ मध्ये, डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं शास्त्रीय उत्खनन केलं आणि १९५२ साली त्याचा अहवाल छापून आला. ती पुतळी आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

आता कल्पना करा, हीच पुतळी कुणीतरी मुंबईच्या एखाद्या जुन्या वस्तूंच्या दुकानात नेऊन विकली असती. ती सुंदर रोमन पुतळी म्हणून ओळखली गेली असती आणि विषय तिथंच संपला असता. ती ब्रह्मपुरीत, इतर भांड्यांसोबत मिळाली हे नोंदलेलं आहे म्हणूनच ती सातवाहन काळात कोल्हापूरचा व्यापार कुठवर पोचला होता याचा पुरावा ठरते. धातू तोच, पुतळी तीच. फरक पाडला तो दोन वाक्यांच्या नोंदीनं.

आता उलट उदाहरण. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथं एक शेतकरी झाडाचं खोड खणत होता, तेव्हा धातूच्या चार भरीव मूर्ती निघाल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. रथ एकटाच ४५ सेंटिमीटर लांब. भारतातल्या सगळ्यात गाजलेल्या धातूमूर्तींमध्ये त्या मोजल्या जातात. पण त्या उत्खननात मिळाल्या नाहीत, त्यामुळे त्या मातीच्या नेमक्या कुठल्या थरात होत्या हे कुणी टिपलं नव्हतं. उत्खननकर्ते सा. अ. साळी यांनी त्या उत्तर-हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली आणि त्या बऱ्याच नंतरच्या असू शकतात असं म्हटलं. दोघंही नावाजलेले अभ्यासक. वाद का झाला? मूर्ती हातात आहेत, पण खड्ड्याची गोष्ट हातात नाही.

त्या शेतकऱ्याकडे १९७४ मध्ये कॅमेरा असण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या खिशात आहे.

कासं की पितळ? आत्ता ठरवू नका

तांब्यात कथील मिसळलं की कासं, जस्त मिसळलं की पितळ, एवढं शाळेत शिकलेलं असतं. पण शंभर-दोनशे वर्षं मातीत राहिलेली वस्तू बाहेरून बघून हा फरक सांगता येत नाही. दोन्हींवर तीच हिरवी-तपकिरी पुटं चढतात. शिवाय जुन्या कारागिरांनी मोडीतलं मिसळून ओतलेले धातू असतात, त्यात कथील, जस्त, शिसं सगळंच थोडं थोडं सापडतं.

इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ पासून 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' चालते. सामान्य लोकांना शेतात सापडलेल्या वस्तू नोंदवायची ही योजना. ब्रिटिश म्युझियम ती सांभाळतं आणि आजवर पंधरा लाखांहून जास्त वस्तू त्यांच्या डेटाबेसमध्ये गेल्यात. तिथं धातूच्या रकान्यात बहुतेक वेळा 'तांब्याचा मिश्रधातू' एवढंच लिहितात. मला ही सवय फार आवडते. जेवढं माहीत, तेवढंच लिहायचं. तुमच्या नोंदीतही तेच लिहा. लोहचुंबक लावून बघायला हरकत नाही: तांब्याच्या मिश्रधातूला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे, तेही लिहून ठेवा.

इथं हुपरीकर लगेच म्हणणार, 'टंच काढून आणू की मशीनवर!' थांबा जरा. चांदीच्या दुकानातलं टंच मशीन, म्हणजे एक्सआरएफ, वस्तूवर क्ष-किरण सोडतं. प्रत्येक मूलद्रव्य त्याच्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत देतं, त्यावरून मशीन टक्के सांगतं. पण ते वाचतं फक्त वरचा थर, मिलिमीटरचा छोटासा अंश. मातीत राहिलेल्या काशाच्या वरच्या थरातून तांबं निघून जातं, त्यामुळे कथील आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. पितळेच्या वरच्या थरातून जस्त जातं, त्यामुळे पितळ तांब्यासारखं वाचलं जातं. त्यात दुकानातलं मशीन चांदी-सोन्यासाठी जुळवलेलं. आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत येतो म्हणून तो खरा, असं नसतं. घेतलाच तर 'वरच्या थराचं वाचन, चांदीसाठी जुळवलेलं मशीन' असं शेजारी लिहा. आणि कानस मारून, कसाला लावून किंवा ॲसिड टाकून टंच काढायला कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

वजनाच्या बाबतीत मात्र आपली मजा आहे. मिलिग्रॅमपर्यंत मोजणारे काटे आपल्याकडे पावलोपावली मिळतात. नाण्याच्या नोंदीत अचूक वजन फार कामाचं असतं.

फोटो: सुंदर नको, खरा हवा

वस्तू अजून मातीत असेल तर पहिला फोटो तिथलाच, हलवायच्या आधी. शेजारी मोजपट्टी ठेवा. मग दहा पावलं मागं जाऊन आजूबाजूचं दिसेल असा एक, झाड, विहीर, घराचा कोपरा काहीतरी त्यात आलं पाहिजे. सोबत खापरं, विटा, राख, हाडं दिसली तर त्यांचेही काढा. तिथं पुढं खणू नका. दायमाबादचा वाद मिटला नाही तो याच फोटोंच्या अभावी.

वस्तूचे फोटो सावलीत, खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात काढा. फ्लॅश बंद. खाली साधा राखाडी किंवा पांढरा कागद, वस्तूच्या बाजूला मिलिमीटरची पट्टी, वस्तूच्याच उंचीवर. फोन अगदी जवळ नेलात तर वाइड लेन्समुळे जवळचा भाग फुगलेला दिसतो. थोडं लांब जाऊन २ एक्सवर काढा. सीन ऑप्टिमायझर, ब्युटी, 'एआय एन्हान्स' वगैरे सगळं बंद करा. ते हिरवा रंग आणखी हिरवा करतात आणि झिजलेल्या अक्षरांच्या जागी आपल्या मनानं कडा तयार करतात. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून काढा. भांड्याचा तळ आणि डाग दिलेले सांधे विसरू नका, तिथंच कारागिराची पद्धत दिसते.

अक्षरं असतील, म्हणजे नाणं, ताम्रपट किंवा नाव कोरलेलं भांडं, तर ही युक्ती करा. खोली अंधारी करून फोन स्टँडवर पक्का बसवा आणि दुसऱ्या फोनचा टॉर्च जवळजवळ जमिनीला समांतर धरा. तो वस्तूभोवती घड्याळाच्या काट्यासारखा फिरवत दर वेळी एक असे आठ-दहा फोटो घ्या. समोरून न दिसणारी अक्षरं तिरप्या उजेडात सावली टाकतात आणि वर येतात. शिलाहारांचे ताम्रपट आपल्याच भागातले आहेत, आणि अशा कोरीव लेखात एखादा अनुस्वारही वाया घालवायचा नसतो.

लोकेशन: स्वतःकडे पूर्ण, लोकांना अर्धं

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल तर प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश आणि वेळ आपोआप साठते. या माहितीला एक्सिफ म्हणतात. उघड्या रानात फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत असतो, एवढं पुरे. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि एक्सिफ गळून पडतं. म्हणून पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट तर अजिबात नको.

दुसरी बाजू: तीच अचूक जागा सोशल मीडियावर टाकलीत तर रात्रीतून तिथं कुदळी पोचतील. इथं दशांश स्थळांचा उपयोग करा. अक्षांशाची चार दशांश स्थळं म्हणजे सुमारे ११ मीटर, दोन स्थळं म्हणजे सुमारे १.१ किलोमीटर. स्वतःच्या नोंदीत सगळे आकडे ठेवा, बाहेर दाखवायच्या नोंदीत दोनच. ब्रिटिश योजनाही लोकांना नेमकी जागा दाखवत नाही, ढोबळच दाखवते.

नोंद दिसते कशी

गुगल शीटमध्ये एका वस्तूला एक ओळ. आमच्या देव्हाऱ्यात आजीनं ठेवलेल्या नाण्याची मी केलेली नोंद अशी आहे:

क्रमांक: हुप-००३. काय: नाणं. धातू: तांबं किंवा तांब्याचा मिश्रधातू. वजन: ९.२४ ग्रॅम. व्यास: २० मिमी. एका बाजूला: '…राजा शिव', ओळींमध्ये दुहेरी रेघ. दुसऱ्या बाजूला: 'छत्र', पुढचं झिजलेलं. कुठून: घरात, आजीच्या सांगण्यावरून तिच्या माहेरचं, आधीचं माहीत नाही. साफ केलंय का: हो, दर दिवाळीला चिंचेनं. फोटो: हुप-००३-१ ते १२.

'शिवाजी महाराजांचं नाणं' असं मी कुठंही लिहिलेलं नाही. शिवराई महाराजांनंतरही पेशवाईत आणि पुढं कितीतरी वर्षं पाडली आणि वापरली जात होती, आणि दुहेरी रेघेची ती 'दुदांडी' नंतरच्या काळातली मानतात. दिसतं ते लिहा, ओळखणं तज्ज्ञावर सोडा. गुगल लेन्सचं उत्तर रकान्यात भरू नका, ते तुम्हाला बहुतेक विक्रीच्या जाहिरातीच दाखवणार. 'कुणी सांगितलं' हा रकाना मात्र नक्की ठेवा, कारण आजीची आठवण ही पण माहितीच आहे, फक्त ती आठवण आहे हे कळलं पाहिजे.

चिंच, पितांबरी आणि हिरवी पूड

घट्ट, गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर वस्तूला सांभाळतो. कोरीव काम कित्येकदा त्या थरातच टिकलेलं असतं, चिंच त्याच्यासकट सगळं नेते. कोरड्या मऊ ब्रशनं सुटी माती झाडा, बास. आतल्या मातीला हात लावू नका, भांड्यातली माती तपासता येते.

फिकट हिरवी, बोटाला लागणारी पूड ठिपक्या-ठिपक्यांनी दिसली तर ते वेगळं प्रकरण. त्याला काशाचा रोग म्हणतात. मातीतल्या मिठामधलं क्लोराइड आणि हवेतला ओलावा मिळून धातू आतून खात जातात. अशी वस्तू बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. बुटांच्या खोक्यात येतात त्या पुड्या चालतात, ओल्या झालेल्या नकोत. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे लगेच करावं लागतं. दर आठवड्याला एक फोटो काढलात तर रोग वाढतोय का ते दिसेल.

कायद्याला लागतं तेही हेच

जमिनीत सापडलेल्या वस्तूंना १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर शोधणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं आणि अंदाजे किंमत किती, कुठं, कोणत्या तारखेला. मूळ मालक मिळाला नाही तर शोधणारा आणि जागेचा मालक यांच्या वाट्याची तरतूद कायद्यात आहे. सरकारनं वस्तू घेतली तर किमतीवर एक पंचमांश जास्त द्यावं लागतं. लपवलं तर वाटा जातो आणि तुरुंगवासही होऊ शकतो. म्हणजे 'सांगितलं तर सगळं जाईल' ही भीती उलटी आहे.

शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागतो. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. घरातल्या जुन्या धातूमूर्तींची नोंदणी करावी लागते, आणि त्या अर्जाला फोटो लागतातच. त्यामुळे ऑनलाइन विक्रीच्या ॲपवर 'अँटिक पीस' म्हणून टाकायच्या आधी दहादा विचार करा.

अर्ज देताना कागदावर वस्तूचं वर्णन, जागा आणि तारीख लिहा, सोबत दोन-तीन फोटोंचे प्रिंट जोडा आणि पोच घ्या. मूळ फाइल्स पेन ड्राइव्हमध्ये एक प्रत आणि ड्राइव्हवर एक अशा ठेवा. अर्जाची एक प्रत टाऊन हॉल संग्रहालयात दिलीत तर उत्तम, ते राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडेच आहे. आणि फाइलींची नावं आयएमजी-२०२४ वगैरे तशीच सोडू नका. वस्तूचा क्रमांक, मग फोटोचा क्रमांक: हुप-००४-१. पुढची वस्तू येईल तेव्हा हुप-००५.