एक मांडणी, अनेक चित्रें

लग्नपत्रिका छापणारा जुळारी प्रत्येक यजमानासाठीं वेलबुट्टी नव्यानें जुळवीत बसत नसे. चौकट फर्म्यांत बांधलेलीच राही; वधूवरांचीं नांवें तेवढीं बदलत. संगणकावर चलच्चित्रें जुळविणाऱ्या आजच्या कारागिरालाही हीच सवय हवी. पुष्कळांना ती फार उशिरा लागते.

समजा, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं ४० गुणवंतांची चित्रफीत करावयाची आहे. पडद्यावर चार चौकटी सरकत येतात, किंचित् कलतात, मागें सावली पडते, खालीं नांव उमटतें. एवढी हालचाल बसवावयास एक संध्याकाळ सहज जाते; आणि असे गट दहा! नवशिका पहिल्या गटाची नक्कल करून जुन्या छायाचित्राच्या जागीं नवें घालतो. पहिलें छायाचित्र ६००० बिंदू रुंद होतें, म्हणून तें २० टक्क्यांवर आणलेलें असतें. नवें आलें १२०० बिंदूंचें. त्यालाही तोच २० टक्क्यांचा हिशेब लागतो, आणि बिचारा विद्यार्थी टपाल-तिकिटाएवढा दिसूं लागतो.

यावर उपाय पेटींत पेटी ठेवण्याचा. प्रत्येक छायाचित्रासाठीं ठराविक मापाची, समजा १२०० गुणिले ८०० बिंदूंची, लहान कॉम्पोझिशन करावी व छायाचित्र तींत ठेवावें. सरकणें, कलणें, सावली हें सारें त्या पेटीला द्यावें. चेहरा मध्यावर आणणें, उभें चित्र आडव्या चौकटींत बसविणें, हीं कामें आंतच उरकावीं; बाहेरच्या मांडणीला त्यांचा पत्ताही लागत नाहीं. आफ्टर इफेक्ट्समध्यें आंतला थर निवडावा आणि आल्ट किंवा ऑप्शन कळ दाबून नवें चित्र त्यावर ओढून सोडावें. जुनें जाऊन नवें बसतें.

दुसरा सापळा मात्र अधिक लबाड आहे. टाइमलाइनवर पेटीची नक्कल केली, तर दोन्ही नकला एकाच मुळाकडे बोट दाखवितात. एका मुलीचें चित्र बदलावें, तों चारी चौकटींत तीच मुलगी, आणि खालीं नांवें मात्र चौघींचीं! ज्या आईवडिलांनीं वर्षभर या क्षणाची वाट पाहिली, त्यांना हा विनोद वाटत नाहीं. म्हणून नक्कल प्रोजेक्ट पॅनेलमध्यें करावी. तेथेंही एक मेख आहे: मोठ्या मांडणीची नक्कल झाली, तरी आंतल्या पेट्या जुन्याच राहतात, त्या चारही निराळ्या करून बदलाव्या लागतात. प्रीमियर प्रोमधील नेस्ट केलेल्या सीक्वेन्सचा स्वभाव असाच. फायनल कटमध्यें तर कंपाउंड क्लिप स्वतंत्र करण्यासाठीं ‘रेफरन्स न्यू पेरेंट क्लिप’ अशी वेगळी आज्ञाच आहे.

हाच स्वभाव शाळेच्या बोधचिन्हाला मात्र सोयीचा. तें एकाच पेटींत ठेवावें. एकदां बदललें कीं दहाही गटांत बदलतें. सामाईक काय आणि स्वतंत्र काय, हें आधीं कागदावर लिहून काढावें. पेट्यांना ‘गट ३, चौकट २’ अशीं नांवें द्यावीं. संमेलनाच्या आदल्या रात्रीं मुख्याध्यापकांकडून बदललेलें छायाचित्र येतेंच. तें कोठें बसवावयाचें, हें मग शोधावें लागत नाहीं.