टेलिफोनवरील होकार आणि कराराचे ठिकाण

नवी दिल्ली – टेलिफोनवरून झालेला तोंडी सौदा कायद्याने बंधनकारक ठरतो काय? ठरत असल्यास तो कोणत्या गावी झाला असे मानावे? वरकरणी किरकोळ भासणारा हा प्रश्न विदर्भातील खामगाव येथील एका व्यवहारातून थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. ३० ऑगस्ट १९६५ रोजी त्यावर दिलेला निकाल आजही कायद्याच्या अभ्यासक्रमात शिकविला जातो.

भारतीय संविदा अधिनियम १८७२ सालचा आहे. त्यानुसार एका पक्षाने प्रस्ताव मांडावा व दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारावा, म्हणजे वचन निर्माण होते. वचनाला प्रतिफलाची, म्हणजेच मोबदल्याची जोड मिळाली की करार होतो. आणि जो करार न्यायालयामार्फत अंमलात आणता येतो, त्यास 'संविदा' म्हणतात. त्यासाठी उभय पक्ष सज्ञान असावेत, संमती मुक्त असावी आणि उद्देश कायदेशीर असावा. कायद्याने खास अट घातली नसेल, तर लेखी दस्तऐवज आवश्यक नसतो.

२२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या व्यापाऱ्यांचा खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीशी टेलिफोनवरून सरकीच्या पेंडीचा सौदा झाला. माल न मिळाल्याची तक्रार करून त्यांनी अहमदाबादच्या न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा दाखल केला. प्रस्ताव अहमदाबादहून आला, पण होकार आम्ही खामगावात दिला. म्हणून दावाही तेथेच चालावा, असे प्रतिवादींचे म्हणणे होते.

पत्राने होणाऱ्या व्यवहारात स्वीकृतीचे पत्र टपालात पडताच प्रस्तावक बांधला जातो. त्यामुळे पत्र जेथून धाडले, तेथे संविदा झाली असे मानतात. हाच नियम टेलिफोनला लावावा काय, यावर न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्या. जे. सी. शहा व न्या. के. एन. वांच्छू यांच्या मते टेलिफोनवरील संभाषण समोरासमोरच्या बोलण्यासारखेच असते. होकार जेथे ऐकू येतो, तेथे, म्हणजे अहमदाबादला, संविदा झाली. न्या. एम. हिदायतुल्ला यांनी मात्र अधिनियमाच्या शब्दांवर बोट ठेवून खामगावच्या बाजूने मत दिले. बहुमताने दावा अहमदाबादेतच चालविण्याचा मार्ग मोकळा झाला. सौदा कोणी मोडला, हा प्रश्न या निकालात नव्हता.

ठिकाणाला एवढे महत्त्व का? कारण दूरच्या न्यायालयात वकील देणे, साक्षीदार नेणे आणि तारखांना हजर राहणे लहान व्यापाऱ्यास अनेकदा मूळ रकमेपेक्षा महाग पडते.

ई-मेलसारख्या इलेक्ट्रॉनिक संदेशांबाबत माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० लागू होतो. अन्यथा ठरले नसल्यास, संदेश संबंधितांच्या व्यवसायाच्या ठिकाणाहून पाठविला व तेथेच मिळाला असे तो मानतो. ग्राहकांना तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने आपल्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा दिली आहे.

व्यापाऱ्यांनी मात्र वाद कोणत्या न्यायालयात चालेल, हे आधीच लेखी ठरवावे. अर्थात, ज्या न्यायालयाला मुळात अधिकार नाही, त्यास तो केवळ उभयतांच्या संमतीने प्राप्त होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.