गट आला की बायका आल्या?

गटातल्या एका ताईंनी विचारलं, "मुलीनं अकरावीला फ्रेंच घेतलंय. घरात कुणालाच येत नाही. तिचा अभ्यास कसा घ्यायचा?" तर आज त्यातला एक धडा आपल्या मराठीच्या आधारानं समजून घेऊ. धडा आहे समूहवाचक नामांचा.

आपण लाकडांची मोळी म्हणतो, केळ्यांचा घड, गुरांचा कळप. फ्रेंचमध्येही असे शब्द आहेत. मोळी म्हणजे 'फागो', केळ्यांचा घड 'रेझीम', कळप 'त्रूपो'. आत लाकडं कितीही असोत, मोळी एकच. म्हणून क्रियापद एकवचनी.

आपण 'वीसेक जणी' म्हणतो ना? तिकडे वीस म्हणजे 'व्हँ' आणि वीसेक म्हणजे 'व्हँतेन'. बारा म्हणजे 'दूझ', त्यावरून 'दूझेन'. आपला डझन तिथूनच इंग्रजीमार्गे आला.

मुली चुकतात त्या पुढे. आपण 'पोलीस आले' म्हणतो. फ्रेंचमध्ये 'ला पोलीस' स्त्रीलिंगी, एकवचनी. जणू 'पोलीस आली'. 'सगळे' म्हणायला 'तू ल मोंद', म्हणजे शब्दशः 'सगळं जग', तेही एकवचनीच. मात्र 'ला प्ल्यूपार दे फाम', म्हणजे बहुतेक बायका, याच्यापुढे क्रियापद अनेकवचनीच हवं.

लिंग ठरतं ते शब्दावरून, माणसांवरून नाही. खेळाडूंचा संघ म्हणजे 'एकीप'. संघात सगळे पुरुष असले तरी शब्द स्त्रीलिंगी. 'ग्रूप' मात्र आपल्या 'गट'सारखा पुल्लिंगी, मग त्यात सगळ्या बायका का असेनात.

आता गंमत ऐका. 'अँ ग्रूप द फाम' म्हणजे बायकांचा गट. पुढे 'ए व्हन्यू' म्हटलं, तर गट आला. 'सों व्हन्यू' म्हटलं, तर बायका आल्या. दोन्ही बरोबर! बोलणारीच्या डोळ्यांपुढे गट आहे की बायका, त्यावर ते ठरतं. फक्त लिहिताना सांभाळायचं: बायका आल्या असतील, तर 'व्हन्यू'च्या शेवटी दोन अक्षरं वाढतात, एक स्त्रीलिंगाचं, एक अनेकवचनाचं. ती ऐकू येत नाहीत, म्हणून परीक्षेत राहून जातात.

लेकीला समजावताना आपलंच उदाहरण द्या. बँकेच्या कागदावर कर्ज 'गटानं घेतलं' असतं. हप्त्यासाठी मजुरीतून पैसे बाजूला काढतात, त्या मात्र बायका.