रुग्णालयाचे दप्तर वाचणारा वकील

इंग्लंडमध्ये वैद्यकीय निष्काळजीपणाचे दावे चालविणाऱ्या सॉलिसिटरचा दिवस न्यायालयात फारसा जात नाही. तो जातो कागद वाचण्यात. तिकडे वकिली व्यवसायाच्या दोन शाखा आहेत. अशिलाला भेटणे, पुरावा जमविणे, पत्रव्यवहार व तडजोड करणे हे सॉलिसिटरचे काम. वरिष्ठ न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करतो तो बहुधा बॅरिस्टर. रुग्णालयाकडून आलेल्या नोंदी कधी कधी हजारो पानांच्या असतात. रक्तदाब केव्हा उतरला, परिचारिकेने डॉक्टरांना कधी बोलावले, ते कधी आले, सही कोणाची, हे सारे तारीख-वेळेनुसार लावावे लागते. ज्याच्या घरी रोजकीर्दीवरून खतावणी लिहिली गेली आहे, त्याला हे काम परके वाटणार नाही. दोन नोंदींच्या मधली कोरी जागाही बोलकी असते, हे दोन्हीकडे सारखेच खरे.

नोंदी लावून झाल्या की दोन प्रश्न उरतात. डॉक्टर कर्तव्यात चुकले काय? आणि हानी त्या चुकीमुळेच झाली काय? दुसरा प्रश्न अधिक अवघड. वेळेवर निदान होऊनही परिणाम तोच झाला असता, असे दिसले तर चूक सिद्ध होऊनही दावा टिकत नाही. पहिल्या प्रश्नाचे माप 1957 सालच्या बोलम खटल्याने घालून दिले : त्या शाखेतील जबाबदार डॉक्टरांचा एखादा वर्ग जी पद्धत योग्य मानतो, तिला धरून उपचार झाले असतील तर तो निष्काळजीपणा नव्हे. मालाची प्रत पेढीवाल्यांनीच ठरवावी, तसा हा प्रकार होता. 1997 साली बोलिथो खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याला मुरड घातली. तज्ज्ञांचे मत तर्काच्या कसोटीलाही उतरले पाहिजे, असे ठरले.

या कामाला धीर किती लागतो, ते स्कॉटलंडमधील माँटगोमेरी खटल्यावरून कळते. नदीन माँटगोमेरी यांना मधुमेह होता आणि त्यांची चण लहान होती. अशा मातेच्या नैसर्गिक प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याचा धोका 9 ते 10 टक्के असतो. डॉक्टरांनी तो सांगितला नाही. सांगितला तर माता शस्त्रक्रियाच मागतात, अशी त्यांची धारणा होती. 1 ऑक्टोबर 1999 रोजी बाळाचा खांदा अडकला. डोके बाहेर आल्यापासून प्रसूती पूर्ण होईपर्यंत 12 मिनिटे गेली, प्राणवायू तुटला आणि मुलाला सेरेब्रल पाल्सी जडली. स्कॉटलंडच्या न्यायालयांत दोन पायऱ्यांवर आईचा दावा फेटाळला गेला. 11 मार्च 2015 रोजी युनायटेड किंगडमच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. रुग्णाला महत्त्वाचा वाटेल असा धोका सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, असा निर्णय दिला. भरपाई ठरली 52 लाख 50 हजार पौंड. मुलगा तोवर 15 वर्षांचा झाला होता.

एवढी रक्कम कशाची, असे कोणी विचारील. मूल पुढे 50 वर्षे जगले तर चाकाची खुर्ची, रात्रंदिवस मदतनीस, घरातील फेरफार, बुडालेली कमाई, हे सगळे आजच मोजून ठेवायचे असते. आज हाती दिलेली रक्कम गुंतविली जाईल, म्हणून अपेक्षित परताव्याइतकी सूट कापली जाते. हा दर सरकारी असतो. 2001 साली तो अडीच टक्के ठरला. 2017 साली तो चक्क उणे पाऊण टक्का झाला; महागाई वजा जाता पैसा वाढत नाही, आटतो, असे मानले गेले. 2019 साली तो उणे पाव टक्का व जानेवारी 2025 पासून अधिक अर्धा टक्का आहे. वर्षाला 1 लाख पौंड, 50 वर्षे, असा ढोबळ हिशोब केला तर अडीच टक्क्यांनी आज सुमारे 28 लाख पौंड पुरतात. उणे पाऊण टक्क्याने सुमारे 61 लाख लागतात. मूल तेच, दुखणे तेच. व्याजाचा आकडा किती निर्दय असू शकतो हे व्यापाऱ्याला सांगावयास नको. 2005 पासून न्यायालयाला भावी खर्चासाठी एकरकमी पैशाऐवजी दरवर्षी हप्ता देण्याचा हुकूमही करता येतो, हे शहाणपणाचे झाले.

सरकारी मदत 2013 पासून मुख्यतः जन्मवेळी मेंदूला इजा झालेल्या बालकांपुरतीच उरली. बाकीचे बरेच दावे ‘जिंकलो तरच फी’ या बोलीवर चालतात. जिंकल्यास यशाबद्दलची जादा फी भरपाईतून घेता येते. तिला 25 टक्क्यांची मर्यादा आहे आणि भावी संगोपनाच्या रकमेला हात लावता येत नाही. हरल्यास श्रम वाया. म्हणून सॉलिसिटर पुष्कळ दावे आरंभीच नाकारतो. समोर मूल गमावलेले आईवडील बसलेले असताना ‘दुःख खरे आहे, दावा मात्र उभा राहत नाही’ असे सांगणे, ही या व्यवसायाची सर्वांत कष्टाची घडी. ती टाळून खोटी आशा लावणारा मुदतीची तीन वर्षेही खाऊन बसतो. रुग्णालयांच्या बाजूनेही सॉलिसिटर असतात. सरकारी आरोग्यसेवेवरील दावे एनएचएस रेझोल्यूशन ही संस्था हाताळते, आणि चूक लवकर कबूल करून कुटुंबाची वणवण थांबविणे हेही तेथील चांगल्या वकिलाचेच काम.

पूर्व आफ्रिकेतून लेस्टर व लंडनला गेलेल्या व्यापारी घराण्यांतील पुढच्या पिढीतले अनेक जण वकिलीकडे वळले. 2021 पासून तेथे सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई ही दोन टप्प्यांची परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. पदवी कायद्याचीच हवी असे नाही.

मुंबईत सॉलिसिटरची परंपरा अजून टिकून आहे. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा आणि तत्पूर्वी तीन वर्षांची उमेदवारी, हा तिचा मार्ग. आपल्याकडे 1995 च्या शांता खटल्यापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. ग्राहक आयोगापुढे तक्रारीची मुदत दोन वर्षे. आणि कागदांविषयी 2002 च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांत स्पष्ट तरतूद आहे : दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षे जपाव्यात आणि रुग्णाने मागितल्यास 72 तासांच्या आत द्याव्यात. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी.